पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच का?

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज एका अगदी घरगुती गोष्टीबद्दल बोलणार आहे. तुमच्या फडताळात सोलांची बरणी असेल, माळ्यावर सुक्या बांगड्यांची टोपली असेल, डब्यात आंबापोळीची घडी असेल. एके दिवशी झाकण उघडावं आणि वर काहीतरी पांढरं दिसावं. लगेच घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, फेकून द्या, बुरशी आली. दुसरा म्हणतो, काही होत नाही, पुसून घ्या. माझ्या अनुभवाने सांगते, हे दोघंही न बघताच बोलत असतात.

मी तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर आमच्या मालवण तालुक्यातल्या गावात बायकांचा एक बचत गट सुरू झाला, त्याचे हिशेब माझ्याकडे आले. हिशेबाबरोबर हळूहळू मालाची तपासणीही आली. अकरा बायका, आणि मुख्य माल सोलं, म्हणजे मुंबई-पुण्याकडे ज्याला आमसूल म्हणतात ते. एका वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही मुंबईच्या एका दुकानदाराला अडतीस किलो सोलं पाठवली. पहिलीच मोठी ऑर्डर. बायकांनी त्या पैशांवर काय काय ठरवून ठेवलं होतं. कुणाला मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, कुणाला पडवीचे पत्रे घालायचे होते.

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरात ती पोती परत आली. सोबत चिठ्ठी. दोनच ओळी होत्या, माल बुरशीचा निघाला, पैसे मिळणार नाहीत.

पोती ओसरीवर उघडली. खरंच, सोलांवर पांढरा थर होता. काही बायका रडकुंडीला आल्या. आमच्या गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकींनी मात्र एक सोल उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "बाईनू, ही बुरशी न्हय. मीठ आसा ता."

मी शास्त्राची शिक्षिका, आणि मला ते आधी सुचलं नव्हतं! कपाटातून शाळेच्या काळचं माझं भिंग काढलं. दहापट मोठं दाखवणारं, चष्मेवाल्याकडे किंवा घड्याळजीकडे मिळतं तसं. त्यातून पाहिलं तर थरात लहान लहान चौकोनी खडे चमकत होते. बुरशीला कोपरे नसतात. बोटाने चोळलं तर कचकच लागली. एक सोल बशीत ठेवून त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, तर पांढरं बघता बघता नाहीसं झालं आणि खाली सोलाचा मूळ काळा-जांभळा रंग दिसला.

आता हे मीठ आलं कुठून, आणि मे महिन्यात नव्हतं ते नोव्हेंबरात कसं दिसलं? हे नीट समजून घेतलं की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

सोलं कशी करतात ते इकडच्यांना सांगायला नको, पण लांबून ऐकणाऱ्यांसाठी सांगते. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे उतरतात. ते फोडून बिया आणि गर बाजूला काढायचा, साल उन्हात टाकायची. मग ती साल त्याच फळाच्या मीठ घातलेल्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी चार-पाच पुटं बसली की सोल काळपट, मऊ आणि टिकाऊ होतं. म्हणजे प्रत्येक सोलाच्या अंगात मीठ मुरलेलं असतंच.

मिठाचा स्वभाव असा की हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः त्यात विरघळतं. हे झालं शुद्ध मिठाचं. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याहून कमी आर्द्रतेतच ओले होतात. आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर हवा अशी की काडेपेटी ओढली तर काडी मोडते, पेटत नाही. या दिवसांत सोलांना पाणी सुटतं, बरणीच्या तळाशी लालसर रस जमतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेलं आहे. मग ऑक्टोबरचं ऊन पडतं. सोल वरून सुकू लागतं, आतलं खारं पाणी बाहेरच्या बाजूला येतं, पाणी उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर बसतं. जुन्या भिंतीवर पांढरा क्षार फुलतो ना, तसंच.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारते तो ऋतूचा. पांढरं आलं कधी? कोरड्या हवेत आलं आणि पावसाळी हवेत आपोआप गेलं, तर तो बहुतेक क्षार. पावसाळी हवेत आलं आणि दिवसागणिक वाढत गेलं, तर ती बुरशी. मीठ कोरड्याने वर येतं, बुरशी ओलाव्याने. दोघांची वेळच वेगळी.

दुसरा प्रश्न जागेचा. मीठ जिथून पाणी लवकर उडतं तिथे आधी दिसतं, म्हणजे कडांना, टोकांना, उंचवट्यांवर. बुरशीला ओल आणि कोंदटपणा लागतो. ती घडीच्या आत, एकाला एक चिकटलेल्या दोन सोलांच्या मध्ये, पोत्याच्या तळाशी, बरणीच्या झाकणाखाली सापडते. मीठ सगळीकडे साधारण सारखं पसरतं. बुरशी गोल ठिपक्यांनी सुरू होते आणि ठिपके कडेने वाढत एकमेकांना भिडतात.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि इथेच माणसं फसतात. हिरवं, निळसर, पिवळं, काळं दिसलं तर कुणी वाद घालत नाही. पण कित्येक बुरश्या कोवळ्या असताना पांढऱ्याच असतात. बीजाणू तयार झाले की मग रंग येतो. तेव्हा पांढरं आहे म्हणून ते मीठच, असंही नाही. भिंगातून बघावं. बुरशी कापसाच्या तंतूंसारखी दिसते, पृष्ठभागापासून वर उठलेली. जरा जुनी झाली की बारीक दांडीवर टाचणीच्या डोक्यासारखे गोळे दिसतात. वास घ्यायचा तर सोल मोडून लांबूनच घ्यावा, बुरशीजवळ नाक नेऊन हुंगू नये. बीजाणू नाकात जातात, दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो. आणि जिभेला लावून बघायची काही जुन्या बायकांची सवय असते, ती सोडून द्यावी. पाण्याच्या थेंबाने जे कळतं त्यासाठी जीभ कशाला?

एवढं करूनही शंका राहिली तर माझी एक पद्धत आहे. काचेच्या लहान बरणीत संशयित सोल ठेवायचं, शेजारी ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा, सोलाला न टेकता. झाकण लावून तीन-चार दिवस बाजूला ठेवायची. मीठ असेल तर आतल्या दमट हवेत ते विरून जातं. बुरशी असेल तर तिला मेजवानीच मिळते, चौथ्या दिवशी ती दुप्पट दिसते. बरणी मात्र स्वयंपाकघरापासून दूर ठेवा, आणि नंतर आतला जिन्नस न हाताळता टाकून द्या.

तर त्या नोव्हेंबरात मी चार पोत्यांतून चार नमुने काढून चार बरण्या भरल्या. आम्हाला वाटत होतं, आता दुकानदाराला चांगलं खरमरीत पत्र लिहायचं. चौथ्या दिवशी तीन बरण्यांतलं पांढरं गेलेलं होतं. चौथ्या बरणीतल्या सोलावर राखाडी-हिरवट लव आलेली होती.

ते पोतं आम्ही संपूर्ण रिकामं केलं. वरची सोलं ठीक होती, तळाशी गठ्ठेच्या गठ्ठे चिकटलेले आणि मध्ये बुरशी. हे पोतं शेवटच्या खेपेचं होतं. त्या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, अंगणातली सोलं घाईने पडवीत ओढली. त्यांना दोनच पुटं बसली होती आणि वाळणंही अर्धवट होतं. काकी म्हणत होत्या की ही खेप ठेवून देऊ, घरी वापरू. ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता आणि अडतीस किलोचा शब्द दिला होता, म्हणून ती भरायला मी सांगितलं. वर ते पोतं दोन रात्री थेट शेणाच्या जमिनीवर राहिलं, खाली फळी नव्हती. दुकानदार तीन पोत्यांच्या बाबतीत चुकला होता. चौथ्या पोत्याच्या बाबतीत मी चुकले होते.

बायकांना हे सांगणं जड गेलं. सांगितलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता प्रश्न उरला त्या चौथ्या पोत्याचा. नऊ किलो माल. दोघी-तिघींचं म्हणणं, वरची चांगली सोलं निवडून घेऊ, तळाची मिठाच्या पाण्यात धुऊन पुन्हा कडक उन्हात टाकू. असं करणारे बाजारात आहेत, हे मला माहीत आहे. धुतलेली, तेलाचा हात फिरवलेली सोलं चकचकीत दिसतात आणि गिऱ्हाईक त्यांनाच आधी हात घालतं. आम्ही ते पोतं परड्यात खड्डा खणून पुरलं. कारण सांगते.

बुरशीचं जे आपल्याला दिसतं तो तिचा वरचा भाग. तिचे तंतू जिन्नसाच्या आत गेलेले असतात. पुसलं, धुतलं, उन्हात टाकलं तरी आतलं राहतं. आणि काही बुरश्या विष तयार करतात, ते बुरशी मेली तरी मागे उरतं. 1960 साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी एकाएकी मेले. त्यांच्या खाद्यात बुरशी आलेल्या भुईमुगाची पेंड होती आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे नाव जगाला कळलं. आपल्या देशातही 1974 साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहालच्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका लोकांनी खाल्ला होता, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. 397 माणसं आजारी पडल्याची नोंद आहे, त्यांतली शंभराहून अधिक दगावली. भाकरी भाजून किंवा आमटी उकळून हे विष पुरतं जात नाही. सोलांवरच्या बुरशीत हेच विष असतं असं माझं म्हणणं नाही. ते मका, भुईमूग आणि खोबऱ्यात अधिक सापडतं. पण कुठली बुरशी विषारी आणि कुठली नाही, हे भिंगातून कळत नाही. खोबऱ्याच्या वाटीवरची हिरवी-पिवळी बुरशी खरवडून वाटप करणाऱ्या घरांनी तर हे आवर्जून लक्षात ठेवावं. तिथे माझा काही समजुतीचा सूर नाही, सरळ टाकून द्या.

सुक्या मासळीचं प्रकरण थोडं निराळं आहे. आगोटीला आपण खारे बांगडे, सुंगटां, गोलमो, मोरीचे तुकडे भरून ठेवतो. त्यावरही मीठ फुलतं आणि त्याची पारख वर सांगितली तशीच. पण मासळीवर आणखी तीन डाग येतात. एक पिवळट-तांबूस. बांगडा तेलकट मासा, त्याचं तेल हवेने खराब होतं आणि कातडीखाली गंजासारखा रंग चढतो. ही बुरशी नाही, पण निरुपद्रवी डागही नाही. तो खवटपणा आहे, वासावरून लगेच कळतो. दुसरा डाग चॉकलेटी ठिपक्यांचा, जणू कुणी मिरपूड भुरभुरली. ही मात्र खऱ्या अर्थाने बुरशी आणि तीही मिठाची आवड असणारी. मीठ जास्त घातलं म्हणजे बुरशी येणारच नाही, हा समज ती खोटा पाडते.

तिसरा डाग गुलाबी. हा मला फार गमतीचा वाटतो. 1878 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ग्लॉस्टर बंदरात खारवलेला कॉड मासा लाल पडू लागला आणि व्यापारी घाबरले. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम फार्लो तपासायला गेले. त्यांनी मासा पाहिला, वखार पाहिली आणि शेवटी मीठ पाहिलं. स्पेनमधल्या कादिझहून येणाऱ्या मिठातच ती लाली होती! उन्हावर पिकवलेल्या मिठात तीव्र खारटपणातच जगणारे सूक्ष्मजीव असतात. कडक उन्हाळ्यात मिठागरातलं पाणी दाट होतं तेव्हा त्याला कधीकधी गुलाबी झाक येते, त्यात त्यांचा मोठा वाटा. आपल्याकडेही मासळी खारवायला मिठागराचंच मीठ वापरतात. शिरोड्याच्या ज्या मिठागरांवर 1930 साली सत्याग्रह झाला, तिथलं मीठ आपल्या आजी-आजोबांच्या घरी असायचं. मीठ म्हणजे शुद्धच, हे मनातून काढून टाका. बांगडा गुलाबी आणि बुळबुळीत झाला, वास फिरला, तर तो गेला. आणि पुढच्या वेळी मासळी खारवताना आधी वापरलेलं मीठ पुन्हा वापरू नका. जुन्या मिठातून ही लागण नव्या मासळीत जाते.

आंबापोळी आणि फणसपोळीवरचा पांढुरका थर बहुधा साखरेचा असतो, पाण्याचा थेंब तिथेही चालतो. चॉकलेटवर पांढरी छटा येते ती बहुतेक त्यातल्या चरबीची. ती पाण्याने जात नाही, पण बोटाच्या उबेने विरते. मुलं ते चॉकलेट शिळं म्हणून टाकतात, टाकू नये. माझा एक भाचा बोटीवर आहे. तो सांगत होता की त्यांच्या कप्तानाच्या सिगारच्या लाकडी पेटीत पांढरी भुकटी दिसली आणि ती तंबाखूतून फुललेली तेलं की बुरशी, यावर आठ दिवस जेवणाच्या टेबलावर वाद चालला होता. मी त्याला म्हटलं, पुढच्या खेपेला माझं भिंग घेऊन जा.

साठवणीबद्दल थोडंसं. सोलांना धातूचा डबा नको, आंबटपणाने धातू खातो. चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्यावी, ती उन्हात तापवून गार झाल्यावर भरावी. गरम सोलं झाकून ठेवली तर त्यांचीच वाफ आत धरते, आणि पुष्कळ घरांत बुरशीची सुरुवात तिथेच होते. पावसात बरणी उघडायची ती उघडीप असलेल्या दिवशी, कोरड्या हाताने. महिन्याचं सोल लहान बरणीत वेगळं काढून ठेवलं तर मोठी बरणी रोज उघडावी लागत नाही. पोती असतील तर खाली फळी, आणि भिंतीपासून वीतभर लांब. हे शेवटचं मी कुठे शिकले ते आत्ताच सांगितलं.

उरलेल्या तीन पोत्यांचं काय झालं, हे विचाराल. मी दुकानदाराला पत्र लिहिलं, पण खरमरीत नाही. एक पोतं खरंच खराब होतं, त्याचे पैसे मागत नाही, असं आधी लिहिलं. मग बाकीच्या तीन पोत्यांबद्दल लिहिलं आणि सोबत एका पिशवीत चार सोलं घालून पाण्याचा थेंब टाकून बघायची विनंती केली. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी स्वतः काउंटरवर थेंब टाकून बघितला होता आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही दाखवला होता. एकोणतीस किलो परत गेली. दर थोडा कमी दिला, तो आम्ही घेतला. नऊ किलोचं नुकसान अकरा जणींत वाटून घ्यायचं ठरत होतं. मी माझा वाटा दुप्पट धरा म्हटलं, तर काकी म्हणाल्या, "ता मगे बघूया. आधी फळ्यो आणा."

फळ्या आणल्या. आता आमच्या प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी असते, सोलांवर पांढरा थर दिसल्यास त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा म्हणून. आणि वळवाच्या पावसात सापडलेली खेप अजूनही दरवर्षी एखादी असतेच. ती बाहेर जात नाही. ती आम्ही अकरा घरांत वाटून घेतो आणि गणपतीच्या आत सोलकढीला संपवतो.